एक रुग्ण, दोन रुग्णवाहिका: बेसिक आणि ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचा प्रकरण अभ्यास

बेसिक आणि ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टची तुलना बहुतेक वेळा तक्त्यात केली जाते. डाव्या रकान्यात ऑक्सिजन, एईडी (हृदयाची लय स्वतः तपासून विजेचा शॉक सुचवणारं यंत्र), बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), स्ट्रेचर. उजव्या रकान्यात सलाइन, औषधं, श्वासनलिकेतली नळी, मॉनिटर. तक्त्यात चूक काही नसते, पण तो वाचून उठणाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहते, की उजवीकडची गाडी वरचढ. मग नातेवाईक ‘मोठी गाडीच पाठवा’ म्हणून अडून बसतात आणि सेवा चालवणारेही सगळ्याच गाड्या मोठ्या करायच्या मागे लागतात.

खालच्या प्रकरणातला रुग्ण दोन्ही पथकांच्या हातांखालून गेला आणि तासाभरात त्याची गरज तीन वेळा बदलली. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. वेळा आणि आकडे मी ठरवलेले आहेत, पण घटनांचा क्रम या कामात असलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. सगळ्या वेळा फोन उचलल्या क्षणापासून मोजल्या आहेत.

आधी व्याख्या उरकून घेऊ. बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं, पथक साधारणपणे त्वचेला छेद न देता जे करता येतं ते करतं: छाती दाबणं, बॅग-मास्कने श्वास देणं, एईडीचा शॉक, रक्तस्राव थांबवणं, हाड आधाराने स्थिर करणं, ऑक्सिजन, मोजकी औषधं. एएलएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचं, पथक त्यापुढे शिरेतून किंवा हाडातून औषधं देतं, बारा लीडचा (हृदयाकडे बारा दिशांनी पाहणारा) ईसीजी काढून वाचतं, डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉकचं यंत्र, स्वतःच्या निर्णयाने चालवतं, गरज पडली तर नळी घालतं, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतं. देशागणिक आणि सेवेगणिक ही रेघ थोडी इकडेतिकडे सरकते. ती का सरकते, ते पुढे येईल.

फोन आणि पहिली आठ मिनिटं

पुरुष, वय ५८. पंचवीस मिनिटांपासून छातीत दाबल्यासारखं दुखतंय, वेदना जबड्यापर्यंत जातेय, दरदरून घाम. रक्तदाबाची गोळी चालू आहे. फोन पत्नीने केला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

नियंत्रण कक्षाकडे दोन गाड्या मोकळ्या होत्या. बीएलएस पाच मिनिटांच्या अंतरावर, एएलएस चौदा मिनिटांच्या. लक्षणं ऐकून फोनवरच्या माणसाने दोन्ही एकदम सोडल्या. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मला तरी हाच वाटतो, आणि तो घेणारा माणूस रुग्णाच्या जवळपासही नव्हता. आधी बीएलएस पाठवू, त्यांनी मागितली तर एएलएस सोडू, असं ठरवलं असतं तर दुसरी गाडी आठव्या मिनिटानंतर निघाली असती.

फोन चालूच ठेवून त्याने विचारलं, “ताई, त्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का? पोटात रक्तस्राव कधी झालाय?” दोन्ही नाही म्हटल्यावर घरातली ॲस्पिरिन चावून खायला सांगितली. हृदयविकाराच्या संशयात १६० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वाद असलेला उपचार आहे. त्याला गाडीही लागत नाही. दाराची कडी काढून ठेवा, त्यांना चालू देऊ नका, शुद्ध हरपली तर लगेच सांगा, एवढं बजावून तो लाइनवर थांबला.

बीएलएसची गाडी सहाव्या मिनिटाला इमारतीखाली लागली. पथक रुग्णाजवळ पोचलं आठव्या मिनिटाला. अहवालात बहुतेक ठिकाणी सहावं मिनिट लिहिलं जातं, कारण गाडी थांबल्याची नोंद आपोआप होते आणि जिना चढल्याची होत नाही. सेवांची तुलना करणारे आकडे वाचताना घड्याळ कुठे थांबवलंय, हे आधी पाहावं.

घरात

रुग्ण शुद्धीत, फिकट, घामाने चिंब. नाडी ५४, रक्तदाब ९८ वर ६२, श्वास मिनिटाला २०, ऑक्सिजनचं प्रमाण ९५ टक्के. दोघांच्या पथकातल्या ज्येष्ठ व्यक्तीने दोन गोष्टी केल्या नाहीत, आणि दोन्ही बरोबर होत्या.

पहिली म्हणजे ऑक्सिजन लावला नाही. छातीत दुखतंय म्हटलं की मास्क चढवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. स्वीडनमध्ये ६६२९ संशयित हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचं ऑक्सिजनचं प्रमाण मुळात ९० टक्के किंवा त्याहून जास्त होतं, त्यांना जादा ऑक्सिजन देऊन वर्षभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही: ५.० आणि ५.१ टक्के. दुसरी गोष्ट, घरात असलेली जिभेखालची नायट्रोग्लिसरिनची गोळी दिली नाही. ती शेजाऱ्याची होती हे एक कारण, आणि रक्तदाब शंभराच्या खाली हे त्याहून मोठं. नाडी मंद, दाब कमी, छातीत वेदना, हे तिन्ही एकत्र दिसलं की हृदयाच्या खालच्या भिंतीला धक्का बसल्याचा आणि उजवा कप्पाही सापडल्याचा संशय घ्यावा. त्या अवस्थेत रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दाब आणखी पाडू शकतं. हा संशय घ्यायला ईसीजी लागत नाही. तो पक्का करायला मात्र लागतो, आणि या गाडीत होता तो फक्त एईडी.

आता प्रश्न आला थांबायचं की निघायचं. जवळचं रुग्णालय आठ मिनिटांवर, पण तिथे अँजिओप्लास्टीची सोय नाही. कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, असलेलं रुग्णालय चोवीस मिनिटांवर. एएलएस अजून पाचेक मिनिटं दूर. प्रशिक्षण वर्गात या प्रश्नावर अर्धा तास वाद रंगतो. प्रत्यक्षात तो बहुधा जिनाच सोडवतो. रुग्णाला तीन मजले खाली न्यायलाच पाच-सहा मिनिटं लागणार, तेवढ्यात दुसरी गाडी दारात आलेली असेल. मग वर बसून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पत्नी म्हणाली, “ते हळूहळू उतरतील, मी धरते त्यांना.” पथकाने ऐकलं नाही. खुर्चीसारखं दुमडतं स्ट्रेचर उघडलं, पट्टे बांधले आणि तेराव्या मिनिटाला दार सोडलं.

एक गोष्ट राहिली. एईडी सोबत घेतला होता, पण त्याचे पॅड छातीला चिकटवले नव्हते. तीव्र हृदयविकाराचा संशय असलेल्या, घामेजलेल्या, कमी दाबाच्या माणसाला हलवण्याआधी पॅड लावून ठेवायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या मते पथकाची एवढी एकच उणीव, आणि तिची किंमत लगेच मोजावी लागली.

जिन्यात

चौदाव्या मिनिटाला, दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर, रुग्णाची मान कलंडली. हाकेला ओ नाही. तोंडाने माशासारखे उघडझाप करणारे, मधूनच येणारे श्वास. हे श्वास नवशिक्याला फसवतात, कारण ‘श्वास घेतोय’ असं दिसतं. हृदय बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ते अनेकांत दिसतात, आणि त्यांचा अर्थ जिवंतपणाचा नसून हृदय थांबल्याचा असतो.

पट्टे सोडून रुग्णाला वळणावरच्या सपाट जागेत आडवं केलं. वीस सेकंदांत छाती दाबायला सुरुवात झाली. जागा इतकी अरुंद, की दाबणारा गुडघे भिंतीला टेकून बसला होता. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. यात काही नवं नाही. १९६० पासून हे तंत्र तत्त्वतः तेच आहे. पण ते नीट करणं किती दमवतं हे केल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांनी हात बदलायचे हा नियम त्यामुळेच आहे.

दुसऱ्याने शर्ट कापला, घाम पुसला, पॅड लावले. ओल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत, म्हणून पुसण्यात गेलेले सेकंद वाया गेले म्हणता येत नाहीत. एईडीने तपासलं, शॉक सुचवला, आणि साडेपंधराव्या मिनिटाला पहिला शॉक बसला. म्हणजे हृदय थांबल्यापासून नव्वद सेकंदांत. पॅड आधी लावलेले असते तर हा आकडा चाळीसच्या आसपास आला असता. तरीही नव्वद सेकंद म्हणजे विलक्षण वेगवान. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचा स्नायू नुसता थरथरत असताना, सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) नसेल तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. सीपीआर चालू असेल तर ती घट तीन-चार टक्क्यांवर येते.

शॉकनंतर नाडी बघत बसले नाहीत. लगेच पुन्हा छाती.

दुसरं पथक

एएलएसचे दोघं सव्वासोळाव्या मिनिटाला वळणावर पोचले. या क्षणाकडे मी नेहमी बारकाईने पाहतो, कारण चांगलं चाललेलं काम इथेच सर्वाधिक वेळा बिघडतं. नवी माणसं येतात, नवी यंत्रं उघडतात, प्रश्न विचारले जातात, आणि कुणी ठरवलेलं नसताना छातीवरचे हात थांबतात.

इथे तसं झालं नाही. एएलएस पथकाच्या प्रमुखाने, म्हणजे पॅरामेडिकने, पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “तुम्ही दाबत राहा. किती शॉक?”

“एक. पुढची तपासणी सव्वा मिनिटात.”

“ठीक. आमचं मॉनिटर त्याच पॅडना जोडतो.”

दोन्ही सेवांच्या पॅडची पिन एकच होती, म्हणून ते शक्य झालं. त्याने दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत मॉनिटर भारित करून ठेवलं, मग दाब थांबवायला सांगितलं, पडद्यावर एक नजर टाकली, तीच थरथर दिसली, शॉक दिला. थांबा पाच सेकंदांहून कमी. एईडीला तपासून, भारित होऊन, सूचना बोलून दाखवायला दहा-वीस सेकंद सहज लागतात. एएलएसचा हा फायदा तक्त्यात कुठेच नसतो. तो औषधात किंवा नळीत नाही. थरथर माणसाने स्वतः ओळखली, म्हणून छाती कमी वेळ मोकळी राहिली, एवढाच तो आहे.

त्याच्या सहकाऱ्याने नळी घालायचं साहित्य काढायला घेतलं. पॅरामेडिकने मान हलवून नको म्हटलं. बॅग-मास्कने छाती उचलली जातेय, मग आत्ता नळी कशाला? त्याऐवजी मास्क आणि बॅगच्या मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा सेन्सर लावला. आकडा आला १६. सीपीआर चालू असताना हा आकडा दाबण्याच्या गुणवत्तेचा अंदाज देतो, कारण फुप्फुसांतून रक्त वाहिलं तरच वायू बाहेर येतो. दहाच्या खाली राहिला तर दाबणाऱ्याला बदला किंवा पद्धत सुधारा.

शिरेत सुई घालणं चालू होतं. एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिनची सिरिंज भरून तयार होती. १८ मिनिटं ५० सेकंदांना कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम ३८ वर गेला. एवढी उडी म्हणजे हृदयाने स्वतः रक्त ढकलायला सुरुवात केल्याची खूण. चक्र पूर्ण होऊ दिलं, साडेएकोणिसाव्या मिनिटाला थांबून पाहिलं: पडद्यावर ओळीत ठोके, मानेला नाडी. सिरिंज भरलेलीच राहिली.

नाडी परतल्यानंतर

इथून पुढचा रुग्ण वेगळा होता. याआधी त्याला हवे होते हात आणि वीज. आता त्याला हवी होती देखरेख आणि निर्णय. बीएलएसच्या चौकटीत नाडी परतल्यावर करण्यासारखं फार उरत नाही: श्वास देत राहा, पॅड काढू नका, निघा. एएलएसच्या कामाला मात्र इथे सुरुवात होते.

रक्तदाब ८४ वर ५०, नाडी ४४, शुद्ध नाही, अधूनमधून कण्हणं. श्वास मिनिटाला दहाच्या वर जाऊ दिले नाहीत. घाबरलेल्या हातात बॅग नकळत मिनिटाला तीस वेळा दाबली जाते. मग छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मध्ये ठेवणं हा त्यावर लगाम. २५० मिलिलिटर सलाइन, मग तेवढंच आणखी. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन. दाब शंभराच्या जरा वर आला.

ईसीजी मात्र लगेच काढला नाही. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतला ईसीजी अनेकदा खोटा इशारा देतो, कारण ते हृदय नुकतंच उपाशी राहून उठलेलं असतं. आठेक मिनिटं जाऊ द्यावीत असं सांगितलं जातं. तो वेळ उरलेला जिना उतरण्यात गेला, चार माणसांनी, आणि चौघं होते म्हणूनच बॅग दाबणं न थांबवता. तिसाव्या मिनिटाला गाडीत ईसीजी निघाला. खालच्या भिंतीच्या तिन्ही लीडमध्ये एसटी (आलेखातला ठोक्यानंतरचा भाग) उचललेली, म्हणजे हृदयविकाराची खूण, उजव्या बाजूच्या चौथ्या लीडमध्येही. घरात घेतलेला संशय खरा ठरला. नायट्रोग्लिसरिन न देण्याचा निर्णयही.

ईसीजी कॅथ लॅबला पाठवला, फोन केला, आठ मिनिटांवरचं रुग्णालय सोडून चोवीस मिनिटांवरच्या दिशेने तेहेतिसाव्या मिनिटाला गाडी निघाली. सत्तावन्नाव्या मिनिटाला दारात. पंचाऐंशीव्या मिनिटाला उजवी कोरोनरी धमनी उघडली. पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून ७७ मिनिटं, म्हणजे नव्वद मिनिटांच्या उद्दिष्टाच्या आत. रुग्ण पुढे शुद्धीवर आला आणि बोलता-चालता घरी गेला. शेवट मी रचलेला आहे, त्यामुळे तो पुरावा म्हणून कुणी मोजू नये.

एकच गाडी असती तर

फक्त एएलएस असती तर पथक रुग्णाजवळ साधारण सतराव्या मिनिटाला पोचलं असतं. हृदय चौदाव्या मिनिटाला थांबलं. म्हणजे पॅड लावेपर्यंत चार मिनिटं शॉकशिवाय. पत्नीने फोनवरच्या सूचनांनुसार छाती दाबली असती तर काही धुगधुगी राहिली असती, नसती दाबली तर पेटीतली सगळी औषधं घेऊन आलेलं पथक बरंच खालच्या पायरीवरून सुरुवात करतं. शिवाय अरुंद वळणावर चाराऐवजी दोनच माणसं.

फक्त बीएलएस असती तर? माझा अंदाज, नाडी तेवढ्याच वेळात परत आली असती. दुसरा शॉक एईडीनेही बसला असता, थांबा थोडा लांबला असता इतकंच. पण नंतर? ईसीजी नाही, म्हणून कॅथ लॅबचा रस्ता धरायला आधार नाही. मंद नाडी आणि पडलेला दाब घेऊन चोवीस मिनिटं काढायला औषध नाही. नियमाप्रमाणे जवळच्या रुग्णालयात, तिथे ईसीजी, मग दुसऱ्या गाडीची मागणी, मग पुन्हा रस्ता. सगळं सुरळीत होऊनही कॅथ लॅबच्या दारात पोचायला शंभरावं मिनिट उजाडलं असतं. मृत हृदयस्नायू परत येत नाही, त्यामुळे हा उशीर रुग्ण आयुष्यभर सोबत बाळगतो.

मोठ्या अभ्यासांशी ताडून पाहिलं तर

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात सतरा शहरांमध्ये झालेला ‘ओपल्स’ अभ्यास या विषयाचा कणा आहे. तिथे आधी बीएलएस आणि वेगवान डिफिब्रिलेशनची घडी नीट बसवली, मग त्यावर एएलएसची भर घातली आणि आधी-नंतरची तुलना केली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ५६३८ रुग्णांचे निष्कर्ष २००४ साली आले. जिवंत घरी जाणाऱ्यांचं प्रमाण आधी ५.० टक्के, नंतर ५.१. रुग्णालयात दाखल होण्याइतपत वाचलेले मात्र १०.९ वरून १४.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे नाड्या जास्त परतल्या, माणसं परतली नाहीत. कुणीतरी पाहत असताना कोसळणं, जवळच्याने सीपीआर देणं आणि लवकर शॉक मिळणं, या तिन्हींनी वाचण्याची शक्यता तिप्पट-चौपट झाली होती. एएलएसचा त्यात वेगळा हिस्सा दिसला नाही.

हे वाचून एएलएसवर काट मारायची घाई करणाऱ्यांनी त्याच अभ्यासाचा २००७ चा भाग पाहावा. श्वास लागलेल्या ८१३८ रुग्णांत एएलएस आल्यावर मृत्यू १४.३ वरून १२.४ टक्क्यांवर आले. आणि २००८ चा भाग पुन्हा उलट दिशेने: गंभीर अपघाती जखमींत एकूण फरक नाही, पण शुद्ध खोलवर हरपलेल्यांत वाचणाऱ्यांचं प्रमाण ६०.० वरून ५०.९ टक्क्यांवर घसरलं. एकच सेवा, तेच प्रशिक्षण, तिन्ही गटांत तीन वेगळी उत्तरं. ‘एएलएस चांगलं की बीएलएस’ या प्रश्नाला एक उत्तर मागणाऱ्याला मी हे तीन आकडे दाखवतो.

२०१५ साली अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) बिलांवरून झालेल्या विश्लेषणाने खळबळ उडवली. हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी जिवंत जाणारे बीएलएस गटात १३.१ टक्के, एएलएस गटात ९.२. मथळे तिखट झाले. पण एएलएसची प्रकरणं ३१ हजारांवर आणि बीएलएसची जेमतेम १६४३. जिथे जवळपास प्रत्येक बंद हृदयाला एएलएसच पाठवतात, तिथे बीएलएसच्या वाट्याला येणारे हे थोडे रुग्ण सर्वसाधारण असतील का? सांख्यिकीने काही फरक धुऊन निघतात, सगळे नाहीत. त्या अभ्यासावरून मी गाड्या कमी करणार नाही.

न दिलेल्या ॲड्रेनलिनबद्दलही थोडं. ब्रिटनमधल्या ८०१४ रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के तीस दिवस जगले, न मिळालेल्यांपैकी २.४. फरक खरा. पण वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेले ३१.० टक्के, समोर १७.८. औषध हृदय जागं करतं, मेंदूची हमी घेत नाही. आपल्या रुग्णाला ते लागलं नाही याचं कारण शॉक लवकर मिळाला. पंधरा मिनिटं थांबलेल्या हृदयात ही चैन नसते.

रेघ सरकते

डिफिब्रिलेटर हे एके काळी ॲडव्हान्स्डहूनही ॲडव्हान्स्ड होतं. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली तो रुग्णवाहिकेत घातला, तेव्हा ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं सुमारे सत्तर किलोंचं धूड होतं आणि सोबत डॉक्टर असायचा. पुढे यंत्र स्वतः लय ओळखायला लागलं, हलकं झालं आणि एएलएसच्या पेटीतून बीएलएसच्या पेटीत, तिथून भिंतीवरच्या खोक्यात गेलं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत, स्नायूत द्यायचं ॲड्रेनलिन, अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनावर नाकातून द्यायचं नॅलोक्सोन, अनेक ठिकाणी हाच प्रवास करून आले. जे लवकर लागतं आणि ज्याचा निर्णय सोपा करता येतो, ते खाली उतरतं. जे क्वचित लागतं आणि करताना हात थरथरतात, ते वरच ठेवावं, कारण क्वचित लागणारं कौशल्य शेकडो जणांत वाटलं तर कुणालाच पुरेसा सराव मिळत नाही. सगळ्या गाड्या मोठ्या करण्याला माझा विरोध आहे तो खर्चामुळे नंतर, या कारणामुळे आधी.

पोटात भोसकलेला माणूस याच जिन्यात असता तर कहाणी दोन ओळींत संपली असती: दाबून धरा, उचला, शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे पळा, एएलएससाठी थांबू नका. दहा मिनिटं न थांबणारं आकडीचं मूल असतं तर उलट. औषध देऊ शकणारं पथक येईपर्यंत इतर सगळं म्हणजे वाट पाहणं.

आढावा

प्रकरणाच्या आढाव्यात तीन मुद्दे येतात. हलवण्याआधी पॅड लावायचे, यावर एकमत व्हायला वेळ लागत नाही. पिन जुळण्याचा मुद्दा खरेदी विभागाकडे जातो. या दोन सेवांची यंत्रं योगायोगाने एका बनावटीची होती. पुढच्या निविदेत तसं नसेल, आणि मग छातीवरचे पॅड ओरबाडून नवे लावण्यात आत्ता वाचवलेले सेकंद जातील.

तिसऱ्यावर भांडण आहे. बीएलएसच्या गाडीत बारा लीडचा ईसीजी यंत्र ठेवावं का, जे पथकाने फक्त काढायचं आणि पाठवायचं, वाचायचं दुसरीकडे डॉक्टरने? विरोधकांचं म्हणणं, इलेक्ट्रोड लावण्यात वेळ जाईल आणि दोघांचं पथक तारांत गुंतून पडेल. ते खोटं नाही. या रुग्णात अकराव्या मिनिटाला ईसीजी निघाला असता तर कॅथ लॅबला निरोप वीसेक मिनिटं आधी गेला असता. पण त्या दोन-तीन मिनिटांत पथक घरातच राहिलं असतं आणि हृदय जिन्याऐवजी पलंगावर थांबलं असतं. पलंगावरून जमिनीवर घ्यायला लागणारा वेळ धरूनही मला ती अदलाबदल पसंत आहे, पॅड आधी लावलेले असतील या अटीवर. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर दुसऱ्या एएलएस गाडीच्या आधी मी दहा बीएलएस गाड्यांत ही यंत्रं बसवीन. पॅरामेडिकचं मत माझ्या विरुद्ध आहे. तो म्हणतो, आधी जिने चढायला तिसरा माणूस द्या.